प्रेशर वॉशिंगचा दिवसाचा दर: आधी वर्षाचा हिशेब, मग दिवसाचा

कोकणात पाऊस ओसरू लागला की एकाच छापाचे फोन येऊ लागतात. खळ्यात (घरापुढच्या अंगणात) शेवाळ धरले आहे, पाय ठरत नाही, गणपतीला माणसे येणार आहेत, मशीन घेऊन कधी याल आणि दिवसाचे काय घ्याल? यातल्या शेवटच्या प्रश्नाला दाबाच्या पाण्याने धुण्याच्या (प्रेशर वॉशिंगच्या) धंद्यातला नवा व्यावसायिक बहुधा एकाच पद्धतीने उत्तर देतो: गावातला दुसरा मशीनवाला काय घेतो ते तो आठवतो आणि त्यातून दोनशे रुपये कमी करून सांगतो. तो दुसराही अशाच रीतीने कोणाकडून तरी दर उचलून बसलेला असतो. अशा दराला आधार काहीच नसल्यामुळे ग्राहकाने घासाघीस सुरू केली की तो कुठपर्यंत उतरवायचा हेही कळत नाही, आणि दोन वर्षांनी पंप बसला की नवा घ्यायला पैसे नसतात.

पुढील मांडणी एका लहान व्यवसायाची आहे. रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात एक सिंगल फेज मशीन, मालक स्वतः, एक मदतनीस आणि जुना घेतलेला छोटा टेम्पो, एवढाच पसारा आहे. कामे म्हणजे शेवाळलेली अंगणे, पेव्हर ब्लॉक, जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणभिंती), पाखाडीच्या (चढणीच्या पायवाटेच्या) पायऱ्या, सोसायटीचे पार्किंग आणि गच्च्या. रुपयांचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या वहीतले आकडे घालावेत, कारण महत्त्व रीतीला आहे. वहीच नसेल तर दर ठरवण्याआधी किमान तीन महिने ती लिहावी.

दिवस म्हणजे किती तास

दिवसाचा दर सांगण्यापूर्वी दिवस म्हणजे काय हे स्वतःशी आणि मग ग्राहकाशी ठरलेले असले पाहिजे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, मध्ये एक तास जेवण, म्हणजे कामाचे आठ तास, असे धरू. या आठ तासांत गनचा खटका दाबलेला असा वेळ पाचच तास असतो. मशीन उतरवणे, पाण्याची आणि विजेची जोडणी करणे यात पाऊण तास जातो, शेवटी पाइप गुंडाळणे, गाळ गोळा करणे आणि गाडी भरणे यात आणखी पाऊण तास, चहा-पाण्याचा अर्धा, आणि कुंड्या हलवणे, गाड्या बाजूला घ्यायला लावणे, गटाराचे तोंड मोकळे करणे, पाइप एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ओढणे यात मिळून एक तास. हे सगळे कामच आहे आणि त्याची मजुरी लागतेच, पण ग्राहकाच्या डोळ्यांना काम दिसते ते पाण्याचा फवारा सुरू असतानाचे. मशीन बंद दिसले की काम थांबले असे त्याला वाटते, म्हणून ही विभागणी त्याला आधीच सांगून ठेवलेली बरी.

सहा वाजल्यानंतर ग्राहकाने "एवढा कोपरा तेवढा उरकून जा" म्हटले तर त्या तासाचा दर वेगळा असावा. मदतनिसाला जादा तासाचे पैसे दुप्पट दराने द्यायचे असतात, त्यामुळे जादा तास हा दिवसाच्या दराचा नुसता आठवा हिस्सा राहत नाही, त्याहून जास्त होतो.

वर्षाचा खर्च मांडणे

दिवसाचा दर वर्षाच्या खर्चातून खाली उतरतो. आधी काम मिळो न मिळो होणारे खर्च मांडावेत.

मशीनपासून सुरुवात करू. घरगुती जोडणीवर चालणारे, सुमारे १३० बार दाबाचे आणि मिनिटाला ८ लिटर पाणी टाकणारे ३ अश्वशक्तीचे मशीन, त्यासोबत जास्तीचा पाइप, नोझल, फरशीवर फिरवायची गोल चकती, जाड केबल आणि पाण्याचा पिंप, असा संच ७०,००० रुपयांना पडला असे धरू. असा पंप नीट सांभाळला तर १,५०० तास चालेल असा माझा अंदाज मी हिशेबात वापरतो. वर्षाला ८०० तास चालवला तर तो दोन वर्षांत थकतो, म्हणून घसारा (झिजेपोटी बाजूला काढायची रक्कम) वर्षाला ३५,००० रुपये. मशीन एकदा घेतले की ते फुकटात चालते ही समजूत या धंद्यातली सर्वांत महागडी समजूत आहे. दर दिवशी थोडे थोडे मशीन आपण ग्राहकाच्या अंगणात झिजवून येत असतो.

पंपाचे तेल, सील, व्हॉल्व्ह, फाटलेला पाइप आणि झिजलेली नोझल यांची वर्षाची देखभाल १८,०००. टेम्पोचा घसारा ३०,००० आणि त्याचा विमा, पीयूसी, टायर व सर्व्हिसिंग मिळून २६,०००. फोन, पावतीपुस्तक, जाहिरातीची पाटी आणि हिशेबनिसाची फी ११,०००. अपघात विमा, गमबूट, गॉगल, हातमोजे १२,०००. ऐनवेळी पावसाने काम रद्द झाले तर मदतनिसाला अर्धी मजुरी द्यायची, त्यासाठी ४,०००. मशीन व टेम्पोत अडकलेल्या पैशांचे व्याज २४,०००. कर्ज नसले आणि पैसे स्वतःचे असले तरीही हे धरावे, कारण तेच पैसे बँकेत असते तर त्यांनी काही दिले असते. ही बेरीज १,६०,००० रुपये होते.

यात मालकाचा पगार अजून आलेला नाही, आणि बहुतेकांच्या हिशेबात तो शेवटपर्यंत येतच नाही. उरेल ते आपले, असे म्हणून चालणारा माणूस स्वतःला सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पैसे देतो. दिवसभर गन धरणारा, पाठीवर पाइप ओढणारा आणि रात्री हिशेब लिहिणारा माणूस दुसरीकडे नोकरी करता तर काय मिळवता, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. उदाहरणात महिन्याला २५,००० म्हणजे वर्षाला ३,००,००० धरू. वर्षाचा एकूण बांधील खर्च ४,६०,००० रुपये झाला.

कामाचे दिवस किती

या ४,६०,००० ला कशाने भागायचे, हा दराचा गाभा आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. वर्षाला ३०० दिवस काम मिळेल असे धरणे सोपे वाटते. महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे फार नव्हे, असे मन सांगते. प्रत्यक्ष मोजणी काही वेगळेच सांगते.

३६५ मधून आठवड्याच्या ५२ सुट्ट्या वजा केल्या की ३१३ दिवस राहतात. कोकणात शिमगा आणि गणपती हे सण नुसत्या कॅलेंडरवरच्या तारखा नसतात; त्या दिवसांत मदतनीस येत नाही, मालकही जात नाही आणि गेला तरी घरात पाहुणे भरलेल्या ग्राहकाला खळे ओले करून घ्यायचे नसते. सण, लग्नकार्य आणि घरगुती कारणे यांचे १८ दिवस काढले की २९५ उरतात. जून-जुलैत असा पाऊस असतो की धुतलेले आणि न धुतलेले सारखेच दिसते, शिवाय वीज जाते आणि ओल्या जागी विजेचे मशीन चालवणे धोक्याचे असते. असे ३० दिवस. उरले २६५. मशीनची दुरुस्ती आणि आजारपण यांचे १५ दिवस; उरले २५०.

आता असे दिवस येतात जे कोणी मोजत नाही. जागा पाहायला जाणे, मोजमाप घेणे, दरपत्रक देणे, सोसायटीच्या सचिवांची गाठ पडावी म्हणून दोनदा जाणे, थकलेले पैसे मागायला जाणे, पंपाच्या सीलसाठी चिपळूणहून कोल्हापूरची फेरी मारणे, हे सर्व काम आहे, पण त्याचे बिल कोणाच्याही नावावर फाडता येत नाही. त्यांचे ४० दिवस धरले की २१० राहतात. आणि शेवटी असे दिवस, की मशीन तयार आहे, माणसे तयार आहेत, पण फोनच वाजत नाही. कोरड्या हिवाळ्यात शेवाळाची कामे आटतात, उन्हाळ्यात विहिरींचे पाणी तळाला जाते आणि घरमालक अंगण धुवायला पाणी देत नाही. नव्या व्यवसायाला असे ५० दिवस सहज येतात. हाती राहिले १६०.

४,६०,००० ला १६० ने भागले की २,८७५ रुपये येतात. मशीन गाडीत चढवण्याआधीच प्रत्येक बिल होणाऱ्या दिवसावर एवढा भार बसलेला असतो.

त्यावर त्या दिवसाचा चालू खर्च चढवावा. मदतनिसाची मजुरी ७००, दोघांचे जेवण-चहा १२०, टेम्पोचे इंधन ३००, शेवाळ मारायचे द्रावण व साबण २५०, किरकोळ ८०, असे १,४५० रुपये. बेरीज ४,३२५. त्यावर १२ टक्के नफा म्हणजे ५१९ रुपये धरले की ४,८४४ होतात आणि व्यवहारात दर ४,८५० ठरतो. हा नफा मालकाच्या पगाराहून वेगळा आहे. बुडालेली बिले, अचानक आलेला मोठा खर्च आणि पुढे मोठे मशीन घेण्याची तयारी यांसाठी तो असतो.

हाच हिशेब ३०० दिवसांनी भागून केला तर काय होते तेही पाहावे. ४,६०,००० भागिले ३०० म्हणजे १,५३३, अधिक १,४५०, म्हणजे २,९८३. दर निघाला तीन हजार. बाजारात तीन हजारांचे दर दिसतात ते असे आलेले असतात. या दराने वर्षात खरोखर १६० दिवस काम मिळाले तर प्रत्येक दिवशी चालू खर्च जाऊन १,५५० उरतात, वर्षाचे २,४८,०००. त्यातून १,६०,००० चा बांधील खर्च गेला की मालकाच्या हाती ८८,००० रुपये येतात, महिन्याला साधारण ७,३३३. त्याच १६० दिवसांत त्याच्या मदतनिसाला १,१२,००० रुपये मजुरी मिळालेली असते. मालकाने मशीन घातले, गाडी घातली, जोखीम घेतली आणि स्वतःच्याच मदतनिसापेक्षा कमी कमावले, आणि घसाऱ्याचे पैसे बाजूला काढण्याची सवय नसल्यामुळे हे त्याला पंप बसेपर्यंत कळलेही नाही.

ग्राहकाच्या बाजूने रास्त कसा

व्यावसायिकाला परवडणारा दर ग्राहकालाही रास्त वाटेलच असे नाही. दिवसाच्या दरात एक मूळचा दोष आहे: काम जितके रेंगाळेल तितके पैसे जास्त. ग्राहकाच्या मनात ही शंका असतेच आणि ती चुकीची म्हणता येत नाही. नोझल झिजली की दाब पडतो, तीच जागा दोनदा मारावी लागते आणि काम दीड पटीने लांबते. अशा वेळी आपण न बदललेल्या काही रुपयांच्या नोझलची किंमत ग्राहक मजुरीच्या रूपाने भरत असतो.

म्हणून दिवसाच्या दराबरोबर नेहमी दोन गोष्टी सांगाव्यात: या कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज, आणि किती दिवसांच्या वर आपण पैसे घेणार नाही ती मर्यादा. अंदाज दीड दिवसाचा असेल आणि मर्यादा दोन दिवसांची, तर तिसऱ्या दिवसाचा तोटा आपला. अपवाद एवढाच, की ग्राहकाने काम वाढवले किंवा पाणी-वीज वेळेवर मिळाली नाही तर मर्यादा लागू राहणार नाही. असे सांगण्यासाठी अंदाज बांधता आला पाहिजे, आणि तो बांधण्यासाठी आधीच्या कामांची नोंद हवी: जागा कोणती, चौरस फूट किती, शेवाळ पातळ की जाड, तास किती लागले. वीसेक कामांची नोंद झाली की अंदाज बहुधा फार चुकत नाही.

हीच नोंद दर पटवून द्यायलाही उपयोगी पडते. वर सांगितलेल्या मशीनने चकती लावून मध्यम शेवाळाचे पेव्हर ब्लॉक दिवसाला १,२०० चौरस फूट होतात असे धरले तर ४,८५० चा दर चौरस फुटाला साधारण ४ रुपये पडतो. घरात गाडी धुवायला मिळणारे छोटे मशीन घेऊन कोणी ३,००० रुपये दिवसाने आला आणि दिवसात ५०० चौरस फूट करून गेला, तर त्याचा दर चौरस फुटाला ६ रुपये झाला. ग्राहक दिवसाच्या दरांची तुलना करतो, मशीनची करत नाही. ती करून दाखवणे आपले काम आहे. उलट, तीन फेजवर चालणारे साडेसात अश्वशक्तीचे, मिनिटाला १५ लिटरचे मशीन असलेला माणूस आपल्याहून जास्त दिवसदर लावूनही मोठ्या पार्किंगचे काम स्वस्तात करू शकतो. तिथे हट्ट न धरता काम त्याच्याकडे पाठवावे. मोकळ्या सपाट जागेचा दर चौरस फुटावर द्यावा आणि कोपरे, पायऱ्या, गडगे, जुनी घरे अशा अडचणीच्या कामांना दिवसाचा दर लावावा, असे माझे मत आहे.

दरात काय येत नाही

वाद बहुतेक वेळा दराच्या आकड्यावरून होत नाहीत. दरात काय धरले होते यावरून होतात. पाणी आणि वीज ग्राहकाची, असे सांगितले तरी पुरत नाही. किती लागेल तेही सांगावे. मिनिटाला ८ लिटर म्हणजे पाच तासांत २,४०० लिटर पाणी जाते आणि गच्चीवरची १,००० लिटरची टाकी दोन तास पाच मिनिटांत रिकामी होते. हे आधी न सांगितल्यास दुपारी घरातल्या नळाला पाणी नाही म्हणून काम थांबते आणि तो वेळ कोणाच्या खात्यावर घालायचा यावर बोलाचाली होते. टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसे ग्राहकाने थेट टँकरवाल्याला द्यावेत. आपण मध्ये राहून त्यावर कमिशन घेणे मला पटत नाही. विजेचे म्हणाल तर दिवसाला साधारण ११ ते १३ युनिट लागतात, हे सांगितले की बिल फुगेल ही भीती आपोआप जाते. अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट मात्र आधी जाऊन पाहून यावे.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली बारीक वाळू दाबाने निघून जाते. ती पुन्हा भरली नाही तर ब्लॉक हलू लागतात. ती भरून देणे दरात आहे की नाही, हे लिहून द्यावे. दरात नसेल तर ग्राहकाने दुसऱ्या कोणाकडून भरून घ्यावी असे स्पष्ट सांगावे. जांभा दगड मऊ असतो, जवळून आणि अरुंद नोझलने मारला तर त्याचा भुगा पडतो आणि सांध्यांतला चुना निघतो, म्हणून गडग्याचे काम रुंद फवाऱ्याने, लांबून आणि सावकाश करावे लागते. त्याला दिवस जास्त लागतात, हे दरपत्रकातच यावे. पहाड (परांची) बांधून करायचे उंचीवरचे काम या दरात बसत नाही. त्याचा विमा, माणसे आणि जोखीम वेगळी असल्याने हिशेबही वेगळा मांडावा.

काही कामांना दरच नसावा. सौर पॅनेल जास्त दाबाने धुतल्यास काचेखालच्या पेशींना सूक्ष्म तडे जाऊ शकतात. शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे आणि तिथे जीव जातो. "जरा जास्त घ्या, पण करून द्या" असे कोणी म्हटले तरी उत्तर नाहीच असावे.

अर्धा दिवस आणि सवलत

अर्ध्या दिवसाचा दर दिवसाच्या दराच्या निम्मा ठेवू नये. गाडीचे इंधन तेवढेच लागते, जोडणी आणि आवराआवर तेवढीच, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात दुसऱ्या गावचे काम मिळतेच असे नाही. ६५ टक्के, म्हणजे उदाहरणात ३,१५० रुपये, हे माझ्या अनुभवाने दोन्ही बाजूंना पटते. दोन तासांचे काम असले तरी किमान आकार हाच राहील. ज्याला हे जड वाटते त्याला शेजारच्या घराला सोबत घ्यायला सुचवावे. एकाच वाडीतली दोन अंगणे एका दिवसात झाली तर दिवसाचा दर दोघांत वाटला जातो आणि आपलाही दिवस भरतो. वाडीत हे सहज जमते.

सवलत द्यायची तर कुठपर्यंत, याचे उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. दिवसाचा चालू खर्च १,४५०, त्या दिवशी झिजलेले मशीन आणि देखभाल मिळून साधारण ३३०, म्हणजे १,७८० च्या खाली गेलो तर खिशातून पैसे घालून दुसऱ्याचे अंगण धुतो आहोत. त्यात स्वतःच्या दिवसाचे १,८७५ मिळवले की ३,६५५ होतात. रिकामा दिवस भरून काढण्यासाठी कधीतरी या पातळीपर्यंत उतरावे. त्याखाली उतरू नये. वर्षातून दोनदा काम देणाऱ्या सोसायटीला मात्र कायमची सवलत देण्यास खरे कारण आहे, कारण तिच्यामुळे जागा पाहण्याच्या फेऱ्या आणि रिकामे दिवस कमी होतात. अशा करारांमुळे १६० चे १८० दिवस झाले तर बांधील भार दिवसाला २,८७५ वरून सुमारे २,५५५ वर येतो. मशीनची वाढलेली झीज वजा करून दिवसाला २५० रुपये सोडता येतात, आणि ते का सोडले हे सांगताही येते. कारण न सांगता दिलेली सवलत पुढच्या वेळी हक्क म्हणून मागितली जाते.

घासाघिशीत एक गोष्ट कधीच खाली जाऊ नये, ती म्हणजे मदतनिसाची मजुरी. ग्राहकाने पाचशे कमी केले म्हणून संध्याकाळी त्याच्या हातावर शंभर कमी ठेवणे हा अन्याय आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही मूर्खपणा आहे, कारण शिकलेला माणूस गेला की पुढच्याला गन धरायला शिकवण्यात एखादा गडगा खरवडला जातो. राज्य शासनाच्या किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो; आपण देत असलेली मजुरी त्याच्या खाली तर गेली नाही ना, हे त्या वेळी पाहावे.

पूर आल्यावर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. ते ओसरल्यावर उरला तो चिखल. अशा वेळी ज्याच्याकडे दाबाचे मशीन असते तो मागेल तो दर मिळवू शकतो, आणि रास्त दराची कसोटी त्याच वेळी लागते. मागणी वाढली म्हणून दर वाढवणे आणि खर्च वाढला म्हणून दर वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराच्या कामात खर्च खरोखर वाढतो. गाळ मिसळलेले पाणी पंपात गेले तर सील लवकर जातात, स्वच्छ पाणी लांबून आणावे लागते, माणसे दहा-बारा तास राबतात आणि जादा तासांची मजुरी दुप्पट होते. हे वाढीव खर्च मांडून दर पाच-सहाशे रुपयांनी वाढला तर ते कोणालाही सांगता येते. त्यापुढची वाढ सांगता येत नाही, म्हणून ती घेऊ नये. असा दर शांतपणे बसून, कोरड्या दिवसांत ठरवून ठेवावा; समोर रांग लागली असताना तो ठरवणे कठीण जाते.

बिल, कर आणि दरपत्रक

१६० दिवसांना ४,८५० प्रमाणे वर्षाची उलाढाल ७,७६,००० होते. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख असल्याने या आकाराच्या व्यवसायाने बिलात जीएसटी लावू नये; नोंदणी नसताना तो लावणे बेकायदा आहे. मोठ्या सोसायटीकडून एकाच बिलाचे ३०,००० हून अधिक किंवा वर्षात एक लाखाहून अधिक येणे असेल तर ती वैयक्तिक ठेकेदाराचे एक टक्का टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) कापते. तो तोटा नव्हे, विवरणपत्र भरताना तो हिशेबात येतो. पण पॅन दिले नसेल तर कपात २० टक्के होते, म्हणून पहिल्या बिलावरच पॅन लिहावे. सोसायटीचे पैसे उशिरा येतात, हा माझाही अनुभव आहे. एका ठिकाणी दोन दिवसांच्या कामाचे पैसे चार महिन्यांनी, समितीच्या तिसऱ्या सभेनंतर मिळाले. तेव्हापासून ४० टक्के आगाऊ आणि उरलेले काम संपल्या दिवशी, ही अट मी दराच्या शेजारीच लिहितो.

दरपत्रक एका पानाचे पुरे. त्यात जागेचे मोजमाप, दिवसाचे तास, दिवसाचा दर, अंदाजे दिवस आणि कमाल मर्यादा, जादा तासाचा आकार (उदाहरणात ७०० रुपये), ग्राहकाने पुरवायचे पाणी व वीज, दरात न धरलेल्या गोष्टी, पावसाने काम थांबल्यास काय, आणि पैसे कधी द्यायचे, एवढे मराठीत स्वच्छ लिहावे. काम सुरू करण्याआधी आधीच फुटलेले ब्लॉक, उडालेला रंग आणि तडे यांचे फोटो घेऊन ग्राहकालाही पाठवावेत.

दर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, विशेष भत्ता बदलतो त्याच सुमारास, पुन्हा मांडावा. त्या वेळी आधीच्या सहा महिन्यांत बिल झालेले दिवस खरोखर किती भरले ते वहीत मोजावे. त्या गतीने वर्षाच्या १६० दिवसांचा अंदाज १३० वर आला असेल तर मग दर वाढवायचा की अधिक कामे शोधायची, हे ठरवायला हाती काहीतरी असते. आणि जुन्या ग्राहकांना नवा दर कळवायचा असेल तर तो गणपतीच्या गर्दीत फोनवर न सांगता, आधीच महिनाभर, कारणासह लिहून कळवावा.